वकीलही चुकतो, मग एआय चुकलं तर बिघडलं कुठे?

एका तरुण इंजिनिअरने विचारलेला प्रश्न असा: "चॅटजीपीटीसारखी एआय साधनं चुकतात हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण वकील चुकतात, डॉक्टर चुकतात, तलाठ्याचं तर विचारूच नका. मग एआयवर विश्वास ठेवल्यानं समाजाचं वेगळं असं काय बिघडणार आहे? ही सगळी ओरड धंदा जाईल या भीतीपोटी तर नाही?"

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. धंद्याची काळजी आहेच, नाही कशाला म्हणू. गेली 27 वर्षं मी जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूला वकिली करतोय. वाटपाचे दावे, रस्त्याची भांडणं, कुळकायदा, बँकांच्या नोटिसा हे माझं रोजचं काम. हल्ली नवा पक्षकार येतो तो आधी मोबाइलला विचारूनच येतो, आणि मग समोर बसून माझी परीक्षा घेतो. पूर्वी हे काम गावात चार वेळा कोर्टाची पायरी चढलेले एखादे अण्णा करायचे. अण्णांचाही सल्ला अनेकदा चुकायचा. तेव्हा प्रश्न रास्त आहे: अण्णा आणि यंत्र यांत फरक काय?

गेल्या वर्षीचं एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एका शेतकऱ्याच्या वहिवाटीच्या रस्त्यावर शेजाऱ्याने जेसीबी लावून चर खणला. बैलगाडी बंद, ट्रॅक्टर बंद. मुलगा पदवीधर. त्याने मोबाइलवर सगळी हकिगत मराठीत लिहिली आणि अर्ज तयार करून घेतला. अर्ज मी वाचला आहे. भाषा इतकी नेटकी की माझ्या ज्युनिअरने तो नमुना म्हणून ठेवून घ्यावा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143, तहसीलदारांकडे अर्ज. कलम खरं, अधिकारी बरोबर, विनंतीही व्यवस्थित.

फक्त कलम 143 आहे ते हद्दीवरून नवा रस्ता मिळण्यासाठी. असलेला रस्ता कोणी अडवला तर जायचं असतं मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली. तिथेही समोर बसलेला तोच तहसीलदार, म्हणून हा घोळ माणसांकडूनही होतो. पण कलम 5 ला मुदत आहे सहा महिन्यांची. इकडे अर्ज, नोटिसा, पंचनामा, दोन तारखा पुढे, असं करत सात महिने गेले आणि मग अर्ज फेटाळला गेला. कारण काय, तर नवा रस्ता मागताय, पण तुमच्याच म्हणण्याप्रमाणे रस्ता आधीपासून आहे. कलम 5 ची मुदत तोवर उलटून गेली होती. आता उरला दिवाणी दावा, आणि त्यात 20 वर्षांची वहिवाट साक्षीदार आणून शाबीत करा. दोन हंगाम तरी गेले म्हणायचे.

आता तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणारा आमचा अर्जनवीस घ्या. त्याचं मराठी म्हणजे 'कारणे अर्ज सादर करतो ऐसाजे' छापाचं. पण असा माणूस समोर आला की लेखणी उचलायच्या आधी तो विचारतो, "रस्ता हाय का नवा पायजे? अडवून किती दिस झाले?" या दोन प्रश्नांत सगळा कायदा आला. यंत्राने काहीच विचारलं नव्हतं. हल्लीची साधनं कधी कधी विचारतात, हे खरं. पण प्रश्न विचारला गेला नाही, हे त्या मुलाला कळणार कसं? उत्तर तर पूर्ण दिसत होतं.

माझ्या मते खरी मेख इथे आहे. माणसाच्या चुकीला वास असतो. कच्चा वकील कच्चा लिहितो, अडखळतो, 'असा एक निवाडा आहे बघा' म्हणतो आणि वर्ष सांगत नाही. शेकडो वर्षं आपण या वासावरून ठरवत आलो की कोणाचं ऐकायचं. स्वच्छ भाषा, नेमकं कलम, निवाड्याचा खंड आणि पान ही मेहनतीची खूण होती, कारण मेहनत केल्याशिवाय ती यायचीच नाहीत. भाषा-मॉडेलने, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनामागच्या यंत्राने, ही खूण फुकट करून टाकली. मेहनत केलेला कागद आणि न केलेला कागद आता सारखेच दिसतात. दोन वर्षांपूर्वी मराठीत जमिनीचा प्रश्न विचारला की उत्तरात 'खतौनी' आणि 'दाखिल-खारिज' यायचं. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार. हे शब्द उत्तरेकडचे. वाचणारा लगेच सावध व्हायचा. आता भाषा सुधारली आहे. कायदा त्या मानाने सुधारलेला नाही, आणि सावध करणारी ती खतौनीही गेली.

असं का होतं, हे माझ्यापेक्षा तुम्हीच चांगलं सांगाल. मला समजलं ते इतकंच: यंत्राकडे निवाड्यांची फडताळं नसतात. अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येणं संभवतं याचा त्याला सराव झालेला असतो. त्यामुळे निवाडा आठवला नाही तरी निवाड्यासारखं दिसणारं वाक्य ते जुळवतंच. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्याच संशोधकांनी सप्टेंबर 2025 मध्ये लिहिलं की मॉडेल घडवण्याची आणि तपासण्याची रीतच अशी आहे की 'माहीत नाही' म्हणण्यापेक्षा ठोकून दिलेल्या उत्तराला जास्त गुण मिळतात. एमपीएससीला निगेटिव्ह मार्किंग असतं म्हणून पोरं प्रश्न सोडून देतात. इथे ते नव्हतं. वरून जुन्या मजकुराचं ओझं. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं 420 आता 318 झालं, खुनाचं 302 आता 103. पण इंटरनेटवर दीडशे वर्षांचं 420 आणि 302 भरलेलं आहे. जिकडे मजकूर जास्त, तिकडे उत्तराचा कल. कायदा बहुमताने बदलतो, पण तो विधिमंडळातल्या बहुमताने, इंटरनेटवरच्या नव्हे.

न्यूयॉर्कचं 'माता विरुद्ध एव्हियान्का' आमच्या बाररूममध्येही चघळून झालेलं आहे. 2019 साली विमानात ढकलगाडी गुडघ्याला लागली म्हणून दावा. वादीच्या वकिलाने चॅटजीपीटीकडून घेऊन दिलेल्या निवाड्यांपैकी सहा अस्तित्वातच नव्हते. जून 2023 मध्ये न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी 5,000 डॉलरचा दंड केला. लोक हसतात ते दंडाला. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. तो वकील तीस वर्षांचा अनुभवी होता आणि त्याला शंका आली होती. त्याने विचारलंही, "हा निवाडा खरा आहे ना?" पण विचारलं कोणाला, तर त्याच यंत्राला. यंत्र म्हणालं, हो, खरा आहे. आमच्या भाषेत, साक्षीदार खरं बोलतोय का हे साक्षीदारालाच विचारायचं आणि उलटतपासणी संपली म्हणून खाली बसायचं.

हे झालं खासगी वकिलाचं. त्यापेक्षा गंभीर प्रकरण आपल्या मुंबईतलं आहे, आणि त्याची चर्चा मात्र कमी झाली. केएमजी वायर्स या कंपनीने आयकर विवरणपत्रात सुमारे 3.09 कोटी उत्पन्न दाखवलं होतं; आयकर खात्याच्या आकारणीच्या आदेशात ते 27.91 कोटी ठरवलं गेलं. त्या आदेशात ज्या तीन निवाड्यांचा आधार घेतला होता, ते शोधूनही सापडेनात, कारण ते नव्हतेच. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला आणि एआयचा उल्लेख करून बजावलं की अर्धन्यायिक काम करताना यंत्रणेने पुढे टाकलेलं आंधळेपणाने घ्यायचं नाही, तपासून घ्यायचं.

इथे खुर्चीत कोण होतं ते पाहा. ही आकारणी 'फेसलेस' पद्धतीची, म्हणजे अधिकारी कोण हे करदात्याला दिसतच नाही. पूर्वी निदान कार्यालयात जाऊन 'साहेब, हा निवाडा दाखवता का' असं विचारता यायचं. कंपनीकडे उच्च न्यायालयात जायला पैसा होता, वकील होते, ती गेली. हाच प्रकार एखाद्या शिक्षिकेच्या पेन्शनच्या आदेशात झाला, शिधापत्रिकेतून नाव कमी करण्याच्या आदेशात झाला, तर ती बाई तो निवाडा कुठे शोधायला जाणार? सरकारी शिक्का मारलेल्या कागदात निवाडा छापला आहे म्हणजे तो असणारच, असंच ती धरून चालेल. आणि तिने तसं धरावं यातच काही चूक नाही, राज्य त्याच गृहीतावर चालतं.

संगणकावर असा विश्वास टाकल्यावर काय होतं, याचा एआय येण्याच्या आधीचा दाखला ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या पोस्ट ऑफिसच्या 'होरायझन' या हिशेब-प्रणालीत दोष होता. शाखांच्या हिशेबात तूट दिसायची. 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक लोकांना, बहुतेक छोट्या गावांतल्या पोस्ट चालवणाऱ्यांना, चोरी आणि खोट्या हिशेबाबद्दल दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले. उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर चालतोय असं तिथलं न्यायालय धरून चालायचं. ते दोष पुसायला 2024 मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला. आणि ती तर साधी बेरीज-वजाबाकी करणारी प्रणाली होती, गोड बोलत नव्हती.

गोड बोलण्यावरून आठवलं. मी स्वतः एक प्रयोग केला होता, तो सांगतो, कारण मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते. भावकीतलं एक नेहमीचं भांडण घेतलं. वडिलोपार्जित सहा एकर. थोरला गावात, त्याने विहीर पाडली, पाइपलाइन केली, आईचं दवाखान्याचं पाहिलं. धाकटा मुंबईला, पंधरा वर्षांनी वाटणी मागतोय. एकदा थोरला म्हणून हकिगत लिहिली, दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करून धाकटा म्हणून. थोरल्याला उत्तर मिळालं की तुम्ही केलेला खर्च आणि कष्ट लक्षात घेतले जाण्याची भक्कम शक्यता आहे, तुमची बाजू मजबूत आहे. धाकट्याला मिळालं की तुमचा समान हिस्सा जन्मसिद्ध आहे, ताबा नसल्याने तो जात नाही, तुमची बाजू मजबूत आहे. गंमत म्हणजे दोन्ही उत्तरांत कायद्याची चूक अशी फारशी नव्हती. वजन कुठे टाकायचं तेवढं ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे टाकलं होतं.

एप्रिल 2025 मध्ये ओपनएआयला आपल्या मॉडेलचा एक बदल याच कारणाने मागे घ्यावा लागला होता. ते फारच हांजी हांजी करायला लागलं होतं. टोक मोडलं असेल, पण कल राहतोच. माझ्या धंद्याचा अर्धा भाग पक्षकाराला न आवडणारं सांगण्याचा आहे. 'तुमची बाजू लंगडी आहे, लोकअदालतीत मिटवा' हे वाक्य मी आठवड्यातून चारदा बोलतो आणि त्याबद्दल शिव्याही खातो. दोघा भावांच्या खिशात आपापला होयबा असला तर तडजोडीला बसणार कोण? देशात 5 कोटींहून जास्त खटले तुंबलेले आहेत, त्यातले बहुसंख्य जिल्हा आणि तालुका न्यायालयांत. तिथे दोन्ही बाजू 'मोबाइल म्हणतोय आपण जिंकणार' म्हणून बसल्या, तर हे कोणत्याही अहवालात दिसणार नाही. फक्त तारखा वाढतील.

आणखी एक. अण्णा चुकले तर एका गावात चुकायचे. शेजारच्या गावचे अण्णा वेगळं चुकायचे, आणि कुठेतरी कोणीतरी बरोबरही असायचा. आमची सगळी न्यायपद्धत याच भरवशावर उभी आहे की दोन वेगळी डोकी एकमेकांचं खोडून काढतील आणि तिसरं डोकं वर बसून बघेल. वादीचा वकील, प्रतिवादीचा वकील आणि उद्या न्यायाधीशांचा लघुलेखकही तेच मॉडेल वापरू लागला, तर तीन डोक्यांत एकच चूक. केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्येच आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून निष्कर्ष, आदेश आणि निकाल यांसाठी एआय वापरायला मनाई केली, ती मला म्हणूनच शहाणपणाची वाटते.

आता तुमच्या 'वकीलही चुकतो' कडे येतो. चुकतो. पण माझी सनद आहे. वकीलपत्रावर सही माझी आहे. गैरवर्तन केलं तर अधिवक्ता अधिनियम 1961 च्या कलम 35 खाली माझ्यावर कारवाई होऊ शकते, आणि तेवढं नाही झालं तरी पक्षकार चौकात उभा राहून माझं नाव घेऊ शकतो. तालुक्याच्या गावात ही दुसरी शिक्षा जास्त जबर. यंत्राला यातलं काय लागू आहे? एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सांगितलं की तिकीट काढा, दुःखद प्रसंगासाठीची सवलत नंतर मागता येईल. कंपनीच्या नियमात तसं नव्हतं. वाद कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणात गेला तेव्हा कंपनीने चक्क असं सुचवलं की चॅटबॉट ही वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधिकरणाने ते उडवून लावलं आणि सुमारे 812 कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम किरकोळ आहे. पण एवढी मोठी कंपनी असा बचाव करून बघते, हे लक्षात ठेवा. उद्या आपल्याकडची बँक, विमा कंपनी, महापालिका 'सिस्टिमने सांगितलं' म्हणणारच आहे. 'सर्व्हर डाउन आहे' म्हणायची सवय तर आधीपासून आहे.

तपासण्याचं ओझं कोणावर पडतं, तेही बघा. खोटा निवाडा तयार व्हायला एक मिनिट. तो नाही हे दाखवायला ई-एससीआर (सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांचा ऑनलाइन संग्रह), उच्च न्यायालयाचं संकेतस्थळ, जुने खंड असं सगळं धुंडाळावं लागतं; अर्धा दिवस जातो. असलेली गोष्ट सापडली की शोध संपतो, नसलेल्या गोष्टीचा शोध कधी संपवायचा? लंडनमध्ये जून 2025 मध्ये निकाल लागलेल्या एका प्रकरणात, कतार नॅशनल बँकेविरुद्धच्या दाव्यात, 45 निवाडे दिलेले. त्यातले 18 नव्हतेच. आणि ते शोधून आणले होते खुद्द पक्षकाराने, एआय वापरून. वकिलाने पक्षकारावर विश्वास ठेवला! उलटी गंगा म्हणतात ती ही.

एवढं बोलून यंत्र वाईटच, असं मी म्हणणार नाही. गेल्या पावसाळ्यात एक बाई आल्या, नवरा वारलेला, घरावर कर्ज. बँकेची इंग्रजी नोटीस आलेली. त्यांनी फोटो काढून मोबाइलला विचारलं आणि त्याने मराठीत सांगितलं की ही सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याच्या, कलम 13(2) ची नोटीस आहे, 60 दिवस आहेत, उत्तर देता येतं, वकील गाठा. अगदी बरोबर. पूर्वीच्या बायका असा कागद देवघरात ठेवून द्यायच्या आणि जप्तीच्या दिवशी बाहेर काढायच्या. मी त्यांना तालुका विधी सेवा समितीकडे पाठवलं, कारण 1987 च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे मात्र यंत्राने सांगितलं नव्हतं. तेव्हा ज्याला कोणीच समजावून सांगत नाही त्याला यंत्र आधार देतं, आणि चुकलं तर सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो, कारण ते उत्तर दुसऱ्या कोणाला दाखवण्याची त्याची ऐपत नसते. माझ्याकडे आलेल्या बाई आणि तो शेतकरी, दोघांनी केलं तेच होतं. एकीचं साधलं, दुसऱ्याचं नाही.

मी वापरतो का? वापरतो. दोनशे पानांच्या साक्षीपुराव्यातून तारखांची जंत्री काढायला, इंग्रजी कैफियतीचा मराठी गोषवारा पक्षकाराला द्यायला. तोही वाचून, कारण 'लीव्ह ग्रँटेड'चं (म्हणजे अपिलाला परवानगी दिली याचं) 'रजा मंजूर' झाल्याचा किस्सा न्यायालयीन वर्तुळात उगीच फिरत नाही. निवाडे शोधायला मात्र नाही. ऑफिसात एक नियम केला आहे: मसुद्यातल्या प्रत्येक निवाड्यापुढे ज्युनिअरने पेन्सिलीने लिहायचं, कुठे वाचला, कोणत्या पानावर, मूळ प्रत पाहिली का. त्याला सुरुवातीला हा जाच वाटायचा. पण निवाडा शोधताना पुढच्या पानावरचा दुसराच निवाडा नजरेला पडतो आणि कधी तोच कामाला येतो, हे त्याला आता कळायला लागलंय.

परवा एका वाटपाच्या दाव्यात एका निवाड्यापुढे त्याने लिहून ठेवलं होतं, 'सापडला नाही, एआयचा वाटतो.' मी चरकलो, कारण तो परिच्छेद मी माझ्याच 2011 सालच्या एका जुन्या युक्तिवादातून उचलला होता. तेव्हा एआय कुठलं? खंड काढून पाहिला. निवाडा होता, वर्ष मी चुकीचं लिहिलं होतं, आणि 14 वर्षं ते तसंच या मसुद्यातून त्या मसुद्यात जात होतं. त्याच्यासमोरच खोडलं आणि बरोबर वर्ष लिहिलं. आता त्या परिच्छेदावर आणखी कोणकोणती प्रकरणं उभी केली होती त्याची यादी काढायला बसलोय. आतापर्यंत तीन सापडली आहेत, त्यातलं एक अपिलात आहे.